शकूताईनं निवडलेला कागद

बसा, बसा सगळे. मागच्या बायाहो, पुढं सरका, इथं सतरंजीवर जागा आहे. उभ्यानं ऐकू नका, मी लवकर संपवणारी बाई नाही.

शकूताईची मुलगी मीना इथं बसली आहे. प्रेसमधली माणसं आली आहेत. आपल्या विहारातल्या आयाबहिणी तर सगळ्याच आल्या आहेत. सगळ्यांले जयभीम. जे मले ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, मी सुनंदा. घरी ब्लाउज शिवते अन् दुपारी याच हॉलमध्ये बायांचा वाचनवर्ग घेते. बोलाची सवय आहे मले, घरचे म्हणतात जरा जास्तच आहे. पण जिच्याशी बोलल्याशिवाय माझा आठवडा जात नव्हता, तिच्याबद्दल आता 'होती' म्हणाचं. कसं म्हणाचं, सांगा?

काल भाषण लिहून काढाले बसली होती. दोन ओळी लिहिल्या अन् हसू आलं. ताईनं ते पाह्यलं असतं तर काय लिहिलं हे विचारलंच नसतं. आधी कागद दोन बोटांत धरला असता अन् म्हटलं असतं, "काहून वं सुनंदा, असा कागद कुठून आणला? मागचं सगळं पुढं दिसून राहिलं." म्हणून तो कागद घरीच ठेवला. तोंडात येईन तसं बोलते.

अन् एक आधीच सांगते. मी इथं रडाले उभी नाही राहिली. माझं रडून झालं, घरी, कणिक मळता मळता. आज मी हे सांगाले आली की ही बाई जिंकून गेली. आमच्याशी भांडून जिंकली, आमच्यासाठी जिंकली, अन् एका जागी आमच्यापुढं हरली. तेही सांगते.

बायाहो, तिची प्रेस तुम्ही पाह्यली आहे. गांधीबागच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानांच्या मधात. बाहेर साड्यांचे गठ्ठे उतरून राहिले, ठेलेवाले ओरडून राहिले, अन् आत शिरलं की शाईचा वास. समोर खुर्चीवर ताई. नवरा गेल्यावर तिनंच प्रेस चालवली. मशीन अडली तर तिचा आवाज साडीच्या दुकानापर्यंत जाये. गरीब बिचारी, खाली मान घालणारी, असलं काही नव्हतं तिच्यात. तिले कोणी 'तुम्ही' म्हटलं तर ती मागं वळून पाहे, दुसरं कोण आलं म्हणून.

गिऱ्हाईक आलं की ती नमुने नाही दाखवे. आधी विचारे. हे कोण हातात धरणार? उभ्यानं का बसून? उजेड कसला राहीन? वाचून फेकाचं आहे का घरात ठेवाचं आहे? लग्नपत्रिका छापाले आलेला माणूस घाबरून जाये. त्याले वाटे, आपण प्रेसमध्ये आलो का पोलीस चौकीत.

अन् तिची एक पद्धत होती. पुस्तक छापाचं असलं की ती आधी एक कोरं पुस्तक बांधून दे. आत अक्षर नाही. पण कागद तोच, आकार तोच, जाडी तीच. त्याले ती डमी म्हणे. "घरी घेऊन जा. काही दिवस संग ठेव. मग ये." लोक हसत. कोरं पुस्तक नेऊन काय करू बाई? ती म्हणे, "जे खऱ्याचं करशीन तेच कर. उशाशी ठेव, स्वयंपाकघरात ने, पोराच्या हाती दे."

आता आपल्या पुस्तकाकडे येते. भागाआजी पुढंच बसली आहे. आजी, मी सगळं सांगणार आहे, मधात टोकू नको. आजीची गाणी या वस्तीतल्या प्रत्येक बाईले येतात. नळावरच्या भांडणाचं, पोरगी शाळेत घातली त्याचं, सूतगिरणीतल्या पाळीचं. विड्या वळता वळता आजीनं ती रचली. लिहाले-वाचाले मात्र ती म्हातारपणी शिकली, माझ्या वर्गात. अन् शिकल्यावर तिनं एकच मागितलं. आपली गाणी पुस्तकात छापाची. अन् वर्षावास संपते त्या पौर्णिमेच्या कार्यक्रमात, सगळ्या वस्तीसमोर, पुस्तकातून वाचून म्हणाची.

यात मोठं काय, असं बाहेरून आलेल्यांले वाटन. मोठं होतं. आजीच्या शेजारची कौसाबाई, हे पाहा, आता तोंड लपवून राहिली, तिनं वर्गात चेष्टा केली. म्हणे, "अवं, तुले सगळं तोंडपाठ. पुस्तक उलटं धरलं तरी तू म्हणशीन. कोणाले कळणार वं, तू वाचून राहिली का म्हणून राहिली?" सगळ्या हसल्या. आजी नाही हसली. वर्ग सुटल्यावर ती थांबली अन् मले म्हणे, "सुनंदा, खरं आहे तिचं. मी वाचली तरी कोणी मानणार नाही." मी म्हटलं, पेपर वाचून दाखव सगळ्यांले. तर म्हणे, "पेपर कशाले? मले माझं वाचाचं आहे."

त्या वेळचं तिचं तोंड मले अजून दिसते. सारी उमर अंगठा दिला. आता अक्षर आलं, तर अक्षर आलं हे दाखवाले जागा नाही.

ते मनात घेऊन आम्ही तिघी, मी, आजी अन् कौसाबाई, ताईच्या प्रेसमध्ये गेलो. अन् पहिल्याच दिवशी भांडण झालं. मी म्हटलं, चकचकीत कागद पाहिजे. तो गुळगुळीत आर्ट पेपर असते ना, एकशेतीस जीएसएमचा, हा आकडा वाढला की कागद जाड, तसा जाडजूड. अन् मोठं पुस्तक पाहिजे, टेबलावर ठेवलं की दुरून दिसलं पाहिजे. ताई म्हणे, "नाही." पुढं काही नाही, फक्त नाही. तिनं कपाटातून पिवळसर, बिनचमकेचा, साधा मॅपलिथो कागद काढला, माझ्यासमोर ठेवला, अन् म्हणे, "हा घ्या. अन् आकार लहान, हातात मावन असा."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ताई, सारी जिंदगी आम्हाले मळका कागदच भेटला. रेशनचा कागद मळका, दवाखान्याची चिठ्ठी मळकी, पोरांची पुस्तकं दुसऱ्यांनी वापरून टाकलेली. पहिल्यांदा आमचं पुस्तक निघून राहिलं, अन् तू आम्हाले पिवळा कागद दाखवते? आजही मी हेच म्हटलं असतं. माझं बोलणं ताईले लागलं. तिनं तो पिवळा कागद परत उचलून पाह्यला. मग म्हणे, "तुझं बरोबर आहे वं. पण माझंही बरोबर आहे. दोन्ही डमी घेऊन जा."

यावेळी तिनं डमी अगदी कोरी नाही ठेवली. दोन्हींत आजीचं एक गाणं मोठ्या अक्षरात छापून टाकलं. एक डमी माझी, मोठी अन् चकचकीत. एक ताईची, लहान अन् पिवळसर.

मे महिना होता. नागपूरचा मे, तुम्हाले काय सांगू? याच हॉलमध्ये, खिडक्यांवर पडदे, कूलर सुरू, ट्यूबलाइट सुरू. आजीनं आधी माझं पुस्तक उघडलं. कूलरच्या ओल्या हवेनं पानं एकमेकांले चिकटली होती, घामाच्या बोटांनी सुटता सुटेनात. सुटली तर पुस्तक आपोआप मिटून जाये, दोन्ही हातांनी दाबून धरा लागे. अन् उघडलं तर ट्यूबलाइट सगळी पानावर. आजी पुस्तक इकडं तिरपं करे, तिकडं तिरपं करे, ती पांढरी पट्टी काही अक्षरांवरून हटेना. शेवटी तिनं डोळे वर केले अन् पाठ होतं ते म्हणाले लागली. मी समोरच बसली होती.

मग तिनं पिवळसर पुस्तक घेतलं. मांडीवर ठेवलं, ते तसंच उघडं राह्यलं. तिनं ओळीखाली बोट ठेवलं अन् एक एक शब्द वाचत गेली. मधात अडली, पुन्हा वाचलं, पुढं गेली. पाठ म्हणणारी बाई अडत नाही. माझ्या चकचकीत कागदाचं काम तिथंच संपलं.

पण थांबा, ताई अजून जिंकली नाही. आता बाया बोलाले लागल्या. एक म्हणे, पान लई हलकं, पंखा लावला की उडते. ते खरं होतं, तो कागद सत्तर जीएसएमचा होता. दुसरी म्हणे, ओळ तुटून राहिली. आजीच्या गाण्याची ओळ लांब असते. अक्षर मोठं, पान लहान, मग अर्धी ओळ खाली पडे, अन् म्हणताना श्वास भलत्याच जागी घ्या लागे. अन् सगळ्यात मोठी गोष्ट कौसाबाईनं सांगतली. आपल्याकडे गाणं म्हणताना दोन बाया मिळून एक पुस्तक धरतात. एकीनं डावीकडून धराचं, एकीनं उजवीकडून. त्या लहान पुस्तकावर दोघींची डोकी आपटून राहिली होती.

आम्ही पुन्हा प्रेसमध्ये. कौसाबाई म्हणे, "ताई, पुस्तक आडवं कर ना." ताई खुर्चीतून उठलीच. "आडवं? आडव्या पुस्तकात कागद वाया जाते. बांधणीले तरास. कपाटात मावत नाही, बाहेर निघून राहते." कौसाबाईनं शांतपणे विचारलं, "आमच्या घरी कपाट कुठं आहे?"

मीना, तू तिथंच होती. तुझी आई किती वेळ हसत होती, आठवते ना? मशीनवाले भाऊ मशीन थांबवून पाहाले आले. हसणं संपल्यावर डोळे पुसून म्हणे, "हरली मी. आडवं करू."

इतक्या वर्षांची प्रेस, अन् तिनं कधी आडवं पुस्तक बांधलं नव्हतं. पण एकदा हो म्हटलं की ती बाई मागं नाही पाहे. आडव्या आकाराच्या बऱ्याच डमी तिनं बांधून घरोघरी दिल्या, अन् काही दिवसांनी सगळ्या परत मागवल्या. कोणाच्या डमीले हळद लागली होती, कोणाच्या डमीत नातवानं बाराखडी गिरवली होती. आम्हाले लाज वाटली. तिनं त्या सगळ्या टेबलावर उघडून मांडल्या अन् डाग पाहात बसली. म्हणे, "पाहा, अंगठा इथं येते. इथं अक्षर ठेवलं तर अंगठ्याखाली जाईन." म्हणून आपल्या पुस्तकाले दोन्ही बाजूंनी एवढी रुंद कोरी जागा आहे. सत्तरचा कागद काढून नव्वदचा घेतला, पंख्यात उडू नये अन् मागचं अक्षर पुढं दिसू नये म्हणून. अन् माझं म्हणणंही ती विसरली नव्हती. वरचं कव्हर तिनं निळ्या कापडाचं केलं, जाड पुठ्ठा, त्यावर चांदीच्या रंगाची उठावाची अक्षरं. हातात देताना म्हणे, "सुनंदा, आतला कागद आजीच्या डोळ्यांसाठी. बाहेरचं कापड तुझ्या भांडणासाठी."

पौर्णिमेची संध्याकाळ. मैदानात मांडव, सारी वस्ती बसली होती. आजी माइकपुढं उभी, नवीन चष्मा, पांढरं लुगडं. पुस्तकाची डावी बाजू आजीच्या हातात, उजवी कौसाबाईच्या. ताई मागं खांबाले टेकून उभी होती, मी तिच्या बाजूले.

आजीनं नळाचं गाणं सुरू केलं. बोट ओळीवर. पहिलं पान झालं. पान उलटलं. अन् आजी थांबली.

एवढं मोठं मैदान अन् आवाज नाही. कोणीतरी म्हटलं, विसरली. आता सांगा, आजी अन् नळाचं गाणं विसरन? झोपेत विचारा, सांगन. कौसाबाईले वाटलं आजी घाबरली, म्हणून तिनं कानात पुढची ओळ सांगतली. अन् आजी माइकवरच म्हणे, "थांब वं. पानावर हे नाही."

सगळ्या मैदानानं ऐकलं. पानावर हे नाही.

पानावर सूतगिरणीचं गाणं होतं. आजीनं ते पाह्यलं, चष्मा नीट केला, अजून एक पान उलटलं, तिथं बोट ठेवलं. म्हणे, "हे पाहा, इथं आहे माझं. पान चुकलं छापणाऱ्याचं." अन् जिथं सोडलं होतं तिथून पुढं वाचाले लागली.

बायाहो, मी सांगू शकत नाही तो आवाज कसा होता. आधी कौसाबाईनं पुस्तक सोडून टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या वस्तीनं. ज्या बाईनं म्हटलं होतं कोणाले कळणार, तीच पहिली ओरडली, "वाचून राहिली वं, ही खरंच वाचून राहिली." पाठ म्हणणाऱ्या बाईले चुकलेलं पान कसं दिसन? तिनं गाणं पुढं रेटून नेलं असतं. कागदावर जे नाही ते म्हणाचं नाही, हे फक्त वाचणारा माणूस करते.

अन् ताई? ताईनं डोक्यावर हात मारून घेतला. मोठ्या कागदावर पानं उलटीपालटी लावतात, मग घडी केली की ती क्रमानं येतात. आडव्या पुस्तकाची घडी वेगळी, पहिल्यांदाच केलेली, त्यात दोन पानांची अदलाबदल झाली. ती तशीच स्टेजवर गेली, आजीच्या पुढचा माइक घेतला अन् म्हणे, "चूक माझी आहे. कोणाची नाही, माझी. सगळी पुस्तकं परत द्या, पान लावून देते." कोणी द्याले तयार नाही. तिनं आजीच्या पुस्तकाले हात लावला तर आजीनं ते काखेत मारलं. म्हणे, "हे नाही देत. हा माझा साक्षीदार आहे."

काही दिवस ताई चिडलेलीच होती. मग एकदा चहा पिता पिता म्हणे, "माझ्याच कागदानं माझी चूक साऱ्या वस्तीले दाखवली. चकचकीत घेतला असता तर वाचली असती मी." अन् मग मनापासून हसली. मी तिले किती वेळा जिंकलेली पाह्यली, पण त्या दिवशीसारखी खूश कधी नाही पाह्यली.

पुढच्या छपाईत तिनं पानं बरोबर लावली. मग सावनेरच्या बाया आल्या, बुटीबोरीत कामाले जाणाऱ्या बाया आल्या, म्हणे आम्हाले आडवं पुस्तक पाहिजे, आमचीही गाणी आहेत. ताई त्यांलेही तेच विचारे. कोण धरणार? उजेड कसला? अन् आडवं पुस्तक करू नका असं तिनं पुन्हा कोणाले म्हटलं नाही. ज्या बायांचं नाव कधी कोणत्या कागदावर आलं नव्हतं, त्यांच्या हातात आज त्यांची पुस्तकं आहेत. अंगठा ठेवाले जागा असलेली, पंख्यात न उडणारी, म्हाताऱ्या डोळ्यांले दिसणारी. ही जिंकलेली बाई नाही तर काय?

आता शेवटचं सांगते, अन् यात माझा आवाज फुटला तर सांभाळून घ्या.

दवाखान्यात आम्ही भेटाले गेलो तेव्हा ताईले डोळे उघडणंही जड होतं. मीना पायाशी बसली होती. आजी उशाशी, स्टुलावर. ताईनं आवाज ओळखला. म्हणे, "आजी, वाच." पुस्तक आजीच्या मांडीवरच होतं. पण आजीचे डोळे भरून आले होते, तिले काही दिसेना. ती तशीच म्हणाले लागली, हळू आवाजात, पाठ होतं तसं. एक कडवं झालं. दुसरं झालं. तिसरं सुरू केलं, अन् ताईनं डोळे मिटलेलेच ठेवून बोट हलवलं.

म्हणे, "आजी, पान नाही उलटलं."

ताई म्हणे, "नव्वदचा कागद आहे माझा. उलटला की मले ऐकू येते. पाठ नको वं. वाच."

आजीनं पदरानं डोळे पुसले, चष्मा पुसला, पुस्तक उघडलं अन् पहिल्या ओळीपासून वाचलं. पान उलटलं तसं ताईच्या तोंडावर हसू आलं. मीनानं पाह्यलं, मी पाह्यलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आयाबहिणींनो, भाऊहो, आता आपण ताईसाठी शांत बसू. मी दोन मिनिटांचं घड्याळ नाही लावत. आजी इथं समोर बसून वाचणार आहे, मोठ्यानं नाही, मनातल्या मनात. पंखे बंद करा. मोबाइल बंद करा. बांगड्या वाजू देऊ नका. आजी पान उलटन, तेव्हा ते दाराजवळ बसलेल्या शेवटच्या माणसाले ऐकू आलं पाहिजे.

आजी, वाच.